रक्तांतील खुणा आणि त्यांचा अर्थ

रक्ततपासणीचा कागद घरीं येतो, त्यांतील एक आंकडा मर्यादेबाहेर असतो, आणि निदान होण्यापूर्वींच सारें घर कर्करोगाच्या भयानें व्याकुळ होतें. आमच्या अंधेरी-घाटकोपरच्या बाजूस हा प्रसंग आतां विरळा राहिलेला नाहीं. म्हणून या आंकड्याचा अर्थ आम्ही येथें थोडक्यांत सांगूं इच्छितों.

कर्करोगाच्या कांहीं गांठी विशिष्ट द्रव्यें रक्तांत सोडतात. त्यांस 'ट्यूमर मार्कर' म्हणतात. १९६५ सालीं कॅनडांतील माँट्रिऑल येथें फिल गोल्ड व सॅम्युएल फ्रीडमन यांनीं मोठ्या आंतड्याच्या कर्करोगांत 'सीईए' नांवाचें द्रव्य शोधून काढलें. गर्भांतील बालकाच्या आंतड्यांतही तें असतें. ही केवळ आंतड्याच्या कर्करोगाची खूण, असा प्रथम समज झाला. परंतु पुढें तें फुप्फुस, स्तन व स्वादुपिंड यांच्या कर्करोगांत, आणि थायरॉइड ग्रंथीच्या एका प्रकारच्या कर्करोगांतही आढळलें. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तांतही तें कर्करोगावांचून थोडें वाढलेलें असतें. 'पीएसए' हें द्रव्य पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचेंच मानलें गेलें होतें. तें स्त्रियांच्या स्तनांतील कांहीं गांठींतही सांपडलें!

असें कां व्हावें? वर्गांत सर्वांजवळ पुस्तक एकच असतें. त्याचप्रमाणें शरीराच्या बहुतेक सर्व पेशींजवळ जनुकांचा संच एकच असतो. आंतड्याची पेशी त्यांतील कांहीं धडे उघडते, स्तनाची दुसरे. कर्करोगांत ही शिस्त मोडते, आणि मिटलेला धडा भलत्याच ठिकाणीं उघडतो.

पालकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. 'सीए १२५' हें द्रव्य स्त्रियांच्या बीजांडकोशाच्या कर्करोगांत वाढतें. पण पोटाच्या क्षयांतही तें पुष्कळ वाढूं शकतें. क्षय आपल्या देशांत अद्याप पुष्कळांस होतो, आणि तो औषधांनीं बरा होतो. केवळ आंकडा पाहून आशा सोडणाऱ्या मातेस हें वेळींच कळावयास नको काय?

परळचें टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें. आमच्या उपनगरांतून तेथें लोकलनें जातां येतें. अशा ठिकाणीं तज्ज्ञ बहुधा गांठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहूनच रोग निश्चित करितात. रोग ठरल्यावर उपचार लागू पडतो कीं नाहीं, हें पाहण्यास मात्र हे आंकडे फार उपयोगी पडतात.

एका प्रश्नाच्या गुणांवरून परीक्षेचा निकाल लागत नाहीं. आंकडा वाढला तर घाबरूं नये, पण दिरंगाईही करूं नये. आणि आंकडा ठीक असला, तरी न विरणारी गांठ डॉक्टरांस अवश्य दाखवावी.