मुलाला करवतीच्या कामाला जाऊ द्यावं का?

बारावीचा निकाल लागला की गडचिरोली, चंद्रपूर, सिंधुदुर्ग, जव्हार-मोखाडा या भागांतल्या पालकांकडून हल्ली एक प्रश्न हमखास येतो. मुलगा पुढे शिकायला तयार नाही. गावात कुणीतरी कटर मशीन घेतलं आहे, त्याच्यासोबत तो झाडं पाडायला जातो आणि संध्याकाळी रोख पैसे घेऊन येतो. आई धास्तावलेली असते. वडील पैसे बघून अर्धे राजी झालेले असतात. मुलाने मोबाइलवर युरोपातल्या जंगलातल्या कामगारांचे व्हिडिओ पाहिलेले असतात आणि त्याला तिकडे जायचं असतं. "सर, यात काही भविष्य आहे का?" असं तिघंही विचारतात, पण प्रत्येकाच्या मनातला प्रश्न वेगळा असतो.

माझं मत आधीच सांगतो. झाड पाडणं ही अस्सल कारागिरी आहे आणि ती शिकावीशी वाटणाऱ्या मुलाला कमी लेखू नका. पण आपल्याकडे हे काम ज्या पद्धतीने चालतं, त्या पद्धतीने ते करायला मी कुणाच्याही मुलाला सांगणार नाही. तेच काम जर्मनीत तीन वर्षं रीतसर शिकून करायची तयारी असेल, तर योग्य मुलाला मी मनापासून हो म्हणेन. मशीन दोन्हीकडे सारखंच असतं. फरक शिक्षणाचा, करारनाम्याचा आणि अपघात झाला तर खर्च कुणी करायचा याचा आहे.

कारागिरी म्हणजे काय, ते पालकांनी समजून घ्यायला हवं. पाच ते सात किलोंचं मशीन असतं आणि त्याची साखळी सेकंदाला २० मीटरच्या आसपास वेगाने फिरते. झाड ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला बुंध्यात आधी पाचरीच्या आकाराची खाच घेतात. तिची खोली बुंध्याच्या व्यासाच्या पाचव्या ते तिसऱ्या हिश्शाइतकी ठेवतात. मग मागून काप घेत यायचं, पण आरपार जायचं नाही. मध्ये व्यासाच्या दहाव्या भागाइतकी लाकडाची पट्टी न कापता ठेवायची. झाड पडताना तीच बिजागरीचं काम करते आणि त्याला दिशा देते. ती पट्टी कापली गेली की झाड कुठे जाईल हे कुणीच सांगू शकत नाही. काप घेण्याआधी मागच्या बाजूला तिरकी पळवाट मोकळी करून ठेवायची. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरं माणूस उभं असता कामा नये. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला तर मशीन क्षणात उसळून तोंडाकडे येतं. तोडलेलं झाड शेजारच्या झाडात अडकून राहिलं तर त्याच्याखाली जाऊन आधाराचं झाड तोडायचं नसतं. कितीतरी जीव नेमके तिथेच गेले आहेत.

हे सगळं आपल्याकडचा मुलगा कुठे शिकतो? मशीन विकताना दुकानदार सुरू कसं करायचं आणि ऑइल किती घालायचं ते दाखवतो, बाकीचं तो मशीनवाल्याकडे बघून शिकतो. बघून शिकण्यात वाईट काही नाही, पण ज्याच्याकडे बघायचं तोच लुंगी आणि चपलेवर काम करत असेल तर मुलगा तेच उचलतो. मशीन हातात देण्याआधी प्रमाणपत्र मागण्याची रीत आपल्याकडे रुजलेली नाही.

आता पैशाकडे येऊ, कारण घरातला खरा वाद तिथेच असतो. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होता. मशीन चालवणाऱ्याला त्याहून बरंच जास्त मिळतं, म्हणून मुलाला ती मोठी कमाई वाटते. पण त्याच्यासोबत वही घेऊन बसा. मशीन त्याचं स्वतःचं असेल तर पेट्रोल, टू-टी ऑइल, साखळी आणि पात्याची झीज, कानस, दुरुस्ती हे सगळं त्याच्याच खिशातून जातं. पावसाळ्यात काम जवळपास बंद असतं. उक्तं काम घेतलं तर झाड पडेपर्यंत पैसा नाही, आणि उक्त्याच्या कामात माणूस घाई करतो. या धंद्यातली घाई जीवघेणी असते. मुकादमाकडून उचल घेतली असेल तर धोक्याच्या झाडाला नाही म्हणायची सोयही उरत नाही. वर्षभराची बेरीज करून बारा महिन्यांनी भागा. मशीन चांगलं चालतं तेव्हाच्या दिवसाचा आकडा हा पगार नसतो, हे मुलाला त्या वहीतूनच कळेल. तुम्ही नुसतं तोंडी सांगून त्याला पटणार नाही.

परवानगीचाही प्रश्न आहे. खासगी जमिनीवरच्या ठरावीक जातींच्या झाडांनाही १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली परवानगी लागते आणि शहरांत १९७५ चा कायदा व वृक्ष प्राधिकरण आहे. ठेकेदाराने परवानगी घेतलेली नसेल तर पकडला जातो तो जागेवरचा माणूस, आणि मशीन जप्त होतं ते त्याचंच. कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही, एवढी शिस्त मुलाला पहिल्या दिवसापासून लावा.

नुकसानभरपाईबद्दल पालकांना फारच कमी माहिती असते. झाडं पाडणं आणि ओंडके करणं हे काम १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत नावानिशी आलेलं आहे. आता त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, तरी कामावर झालेल्या अपघाताची जबाबदारी काम देणाऱ्यावर हे तत्त्व कायम आहे. मात्र मुलगा कामावर होता हे सिद्ध करायला हजेरी, बँकेत जमा झालेली मजुरी, निदान मोबाइलवरचा निरोप तरी हवा. रोखीच्या व्यवहारात यातलं काहीच उरत नाही. त्यामुळे इथेच जंगलाचं काम करायचं असेल तर जिथे हजेरीपट असतो तिथे चौकशी करा. १९७४ मध्ये स्थापन झालेलं वनविकास महामंडळ आहे. ठेकेदाराला मधून काढण्यासाठी १९४७ पासून उभ्या राहिलेल्या जंगल कामगार सहकारी संस्था आहेत. सगळ्या संस्था सारख्या जोमात नाहीत, हेही पाहून घ्या. आणि काहीही झालं तरी बँकेत वर्षाला २० रुपये भरून मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचा दोन लाखांचा अपघात विमा काढा. रक्कम लहान आहे, पण त्यासाठी ठेकेदाराच्या मर्जीवर राहावं लागत नाही.

२०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान गेलं तेव्हा त्याची शोभायात्रा निघाली होती, हजारो माणसं जमली होती. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवानाला असा मान आहे. तो पाडणाऱ्या हातांनाही मिळाला पाहिजे असं मला फार वाटतं, आणि म्हणूनच पुढचा मार्ग मी सविस्तर सांगतो आहे.

जर्मनीचा जवळजवळ एकतृतीयांश भाग जंगलाखाली आहे. तिथे जंगलातल्या कामगाराचा 'फॉर्स्टविर्ट' नावाचा मान्यताप्राप्त व्यवसाय आहे आणि तो शिकायला तीन वर्षं लागतात. मुलगा थेट एखाद्या वनखात्याशी किंवा खासगी वनमालकाशी करार करतो. काही आठवडे शाळा व प्रशिक्षण केंद्र, बाकी वेळ जंगल, आणि पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात गेंगेनबाखजवळचं माटेनहोफ आणि क्योनिग्सब्रोन इथली केंद्रं याच कामाची आहेत. लागवड, रोपांची निगा, रस्ते, कुंपणं हे सगळं तिथे शिकवतात. करवत हा त्यातला एक भाग असतो, आणि तिच्यासाठी आधी वेगळं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. मुलींनाही हा मार्ग खुला आहे आणि तिकडे मुली तो घेतात.

राज्य वनखात्यात २०२५ मध्ये शिकाऊ कामगाराला पहिल्या वर्षी दरमहा कपातीपूर्वी बाराशे युरोंहून थोडं जास्त मिळत होतं. खासगी मालकाकडे ते कमी असू शकतं. त्या वर्षी सुरू झालेल्या प्रशिक्षणासाठी कायद्याने ठरलेली किमान रक्कम ६८२ युरो होती. एवढ्यात खोलीचं भाडं आणि जेवण भागवणं ओढाताणीचं असतं, घरी पाठवायला काही उरेल ही अपेक्षा ठेवू नका. शिक्षण पुरं झाल्यावर सरकारी जंगलात कपातीपूर्वी तीन हजार युरोंच्या आसपास पगार धरता येतो. अगदी तळाची रेघ म्हणजे किमान वेतन, जे १ जानेवारी २०२६ पासून ताशी १३.९० युरो आहे. आठवड्याला ४० तास धरले तर महिन्याचे साधारण चोवीसशे युरो होतात. एकट्या माणसाच्या पगारातून कर आणि विम्यापोटी बरीच मोठी कपात होते, त्यामुळे युरोला रुपयांनी गुणून गावात आकडा सांगत फिरू नका.

ती कपात वाया मात्र जात नाही. आरोग्य विमा, निवृत्तिवेतन आणि बेकारी भत्ता त्यातूनच येतो, तर अपघात विम्याचा हप्ता पूर्णपणे मालक भरतो. कापापासून वाचवणारी विजार, जाळीचं आणि कानबंदाचं हेल्मेट, खास बूट हे सगळं मालकाने पुरवायचं असतं. कामगार स्वतःची करवत वापरत असेल तर राज्याच्या वेतन करारात तिची भरपाई वेगळी धरलेली आहे. करवतीचं काम एकट्याने करायला मनाई आहे. हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर दुसरं माणूस लागतंच.

तरीही काम सोपं झालेलं नाही. सपाट जमिनीवरची बरीच तोड आता हार्वेस्टर यंत्रं करतात. माणसाच्या वाट्याला उरतात ते तीव्र उतार, अवाढव्य बीच आणि ओक, आणि मेलेली झाडं. २०१८ पासूनच्या दुष्काळांत आणि खोडकिड्याच्या प्रादुर्भावात जर्मनीत लाखो हेक्टर जंगल गेलं. सुकून उभं असलेलं झाड पाडताना वरची फांदी किंवा शेंडा आधी तुटून डोक्यावर येतो. तोडीचा मुख्य हंगाम थंडीत असतो, म्हणजे बर्फात, ओल्या उतारावर.

शरीराचं काय होतं तेही ऐका. मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, तर युरोपात ८५ पासूनच कानबंद सक्तीचे आहेत. कंपनाचा त्रास हळूहळू होतो. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी बोटांतल्या रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात, थंडीत बोटं पांढरी पडतात, बटण लावता येत नाही. जर्मनीत हा मान्य व्यावसायिक आजार आहे आणि रोज किती कंपन सोसायचं याला कायदेशीर मर्यादा आहे. आपल्याकडे कुणी ते मोजत नाही. मशीन घ्यायचंच असेल तर सोबतच्या पुस्तिकेत कंपनाचा आकडा छापलेला असतो तो बघून घ्या. स्वस्त मशीनमध्ये वाचलेले पैसे पुढे बोटांना मोजावे लागतात. पाठ आणि गुडघे तर जातातच. पन्नाशीपर्यंत करवत चालवणारे थोडेच. म्हणून विशीतच पुढची पायरी ठरवावी लागते: प्रशिक्षक-मास्टर, यंत्रचालक किंवा शहरातल्या झाडांची निगा राखणारा तज्ज्ञ.

जायचं कसं? महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेंबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात प्रामुख्याने रुग्णसेवा, हॉटेल, वीज-नळकाम, सुतारकाम अशी कामं पुढे आली. जंगलाच्या प्रशिक्षणासाठी मुलाने स्वतः अर्ज करायचा असं धरून चाला. वनखात्यांच्या जागा जाहीर होतात, अर्ज जर्मनमध्ये करायचा असतो, आणि प्रशिक्षणाच्या व्हिसासाठी भाषेची बी-१ पातळी लागते. ती गाठायला नेटाने वर्षभर अभ्यास करावा लागतो. दोन हजार युरोंचं काम, भाषा नको, महिन्यात व्हिसा असं सांगणारा एजंट आला तर दारातूनच परत पाठवा. परदेशी नोकरी लावणारा एजंट केंद्र सरकारकडे नोंदलेला आहे का, ते ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येतं, आणि त्याला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. जमीन गहाण ठेवून तीन-चार लाख देणारी घरं मी पाहिली आहेत. तसं करू नका.

मुलाला करवतीपेक्षा जंगलाचीच ओढ असेल, तर वनरक्षकाची परीक्षा त्याला अधिक मानवेल. विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय घेऊन बारावी झालेल्यांना ती देता येते आणि वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१०० रुपयांची आहे. जागा कमी आणि स्पर्धा मोठी आहे, पण धावण्याची तयारी आणि अभ्यास गावात राहून होतो. ओढ जंगलाची की मशीनच्या आवाजाची, हे त्याला शांतपणे विचारा. चिडून विचारलंत तर तो खरं सांगणार नाही.

आणि उद्या सकाळी तो पुन्हा कामाला जाणार असेल, तर भांडत बसू नका. आधी हेल्मेट, कानबंद, कापरोधक विजार आणि बूट घेऊन द्या. ते परवडत नसतील तर मशीनही परवडत नाही असं त्याला स्पष्ट सांगा. एकटं जाऊ देऊ नका. त्याचं वय अठराच्या आत असेल तर मशीन हातात देऊच नका, मग मशीनवाला सख्खा काका असला तरी.