इंग्रजी उच्चार : भीती सोडा, सराव धरा

मराठी माध्यमातून शिकलेल्या आपल्या मुलामुलींना इंग्रजी वाचता येते, लिहिता येते, व्याकरणातही गुण चांगले पडतात. परंतु मुलाखतीच्या खोलीत गेल्यावर तोंडून शब्द फुटत नाही. उत्तर ठाऊक असते. पण 'उच्चार चुकला तर समोरचे हसतील' ही धास्ती ते उत्तर घशातच अडवते. ज्यांच्या घरात इंग्रजी शिकणारी ही पहिलीच पिढी, त्यांना घरी विचारायलाही कोणी नसते. 'आनी-पानी' म्हटल्यावरून ज्यांच्या आईवडिलांना हिणवले गेले, त्यांना ही धास्ती नवी नाही. म्हणूनच हा विषय विद्यार्थी मित्रांपुढे मांडावा असे आम्हांस वाटले. आम्ही भाषाशास्त्रज्ञ नव्हे. बँकेच्या काउंटरवर रोज दहा तऱ्हांचे इंग्रजी ऐकणारी, कला शाखेची साधी माणसे आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. आपणास लंडनच्या साहेबासारखे बोलायचे नाही. तमिळ, बंगाली, स्कॉटिश माणूस आपापल्या धाटणीने इंग्रजी बोलतो आणि त्याचे काम अडत नाही. बोलण्यावरची मातीची छाप हा दोष नव्हे. ज्या उच्चारामुळे अर्थच बदलतो किंवा ऐकणारा गोंधळतो, तेवढाच सुधारावयाचा.

अक्षरे २६, ध्वनी ४४

मराठीत आपण बहुतांशी लिहितो तसे बोलतो. इंग्रजीत तसे नाही. तिची अक्षरे २६, पण ब्रिटिश प्रमाण उच्चारात सुमारे ४४ ध्वनी मानले जातात : २० स्वर आणि २४ व्यंजने. कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये छपाई सुरू केली. पुढे स्पेलिंग हळूहळू ठरून गेले, उच्चार मात्र बदलत राहिले. 'नाइफ' या शब्दातील आरंभीचा 'के' एकेकाळी उच्चारला जात असे; आज तो केवळ कागदावर उरला आहे. आमच्या बँकेतलेच शब्द पाहा. पावतीला 'रिसीट' म्हणतात, त्यातला 'पी' मुका. कर्जाला 'डेट', त्यातला 'बी' मुका. गहाणाला 'मॉर्गेज', त्यातला 'टी' मुका. तेव्हा स्पेलिंगवरून उच्चाराचा अंदाज बांधू नये. शब्द कानाने शिकावा.

जोड्यांनी शिका

एखाद-दुसऱ्या ध्वनीने अर्थ बदलतो अशा शब्दांच्या जोड्या हे सरावाचे उत्तम साधन आहे.

१) व्हेस्ट (बनियन) आणि वेस्ट (पश्चिम) : पहिल्यात वरचे दात खालच्या ओठावर टेकतात आणि हवा घासत बाहेर पडते. दुसऱ्यात दात लागत नाहीत, ओठांचा चंबू होतो. मराठीत आपण 'व्ह' लिहितो, पण तो केवळ लिहिण्याचा संकेत आहे. उच्चारात 'ह' नाही.

२) फॅन आणि व्हॅन : दोन्हींत दात-ओठ त्याच जागी. गळ्यावर बोट ठेवा. 'व्हॅन' म्हणताना आरंभीच कंप जाणवेल, 'फॅन'च्या 'फ'ला जाणवणार नाही.

३) जीप आणि झिप : पहिला 'ज' आपल्या 'जीवन'मधला. दुसरा ध्वनी 'माझा' म्हणताना जो येतो त्याच्या जवळचा. म्हणजे तो आपल्या जिभेला परका नाही.

४) शिप (जहाज) आणि शीप (मेंढी), फुल (भरलेले) आणि फूल (मूर्ख) : 'दिन' आणि 'दीन' यांतील फरक आपण लिहिताना पाळतो, बोलताना सोडून देतो. इंग्रजीत तसे चालत नाही.

५) पेन आणि पॅन, कोट आणि कॉट : मराठी लेखनात हे सर्व स्वर वेगळे दाखवता येतात. 'कॉलेज'चे 'कालेज' आणि 'बँक'चे 'ब्यांक' होऊ देऊ नये.

आघात

सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे आघात. मराठीत शब्दातील सर्व अक्षरांना आपण जवळजवळ सारखे वजन देतो. इंग्रजीत एका अवयवावर जोर पडतो आणि बाकीचे आखडतात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्या अवयवावर, तर 'फोटोग्राफिक'मध्ये 'ग्रा'वर. 'हॉटेल'मध्ये जोर 'टेल'वर, 'कमिटी'त 'मि'वर, 'डिपॉझिट'मध्ये 'पॉ'वर. 'रेकॉर्ड' हे नाम असेल तर जोर आरंभी. क्रियापद असेल तर शेवटी, म्हणजे 'रिकॉर्ड'. जोर नसलेला स्वर बहुधा अस्पष्ट 'अ' होतो. इंग्रजी बोलण्यात सर्वाधिक येणारा स्वर हाच. प्रत्येक ध्वनी बरोबर असूनही जोर भलतीकडे पडला, तर ऐकणारा 'काय म्हणालात?' असे विचारतो, ते यामुळेच.

भूतकाळाचा प्रत्यय

'हेल्पेड', 'वॉशेड' असे उच्चार वर्गात सर्रास ऐकू येतात. नियम सोपा आहे. कंप नसलेल्या ध्वनीनंतर 'ट' : हेल्प्ट, वॉश्ट. कंप असलेल्या ध्वनीनंतर 'ड' : कॉल्ड, ओपन्ड. मूळ क्रियापद 'ट' किंवा 'ड'ने संपत असेल तरच 'इड' : वाँटिड, नीडिड.

रोजचा पाव तास

पूर्वी उच्चारासाठी डॅनियल जोन्सचा १९१७ साली निघालेला उच्चारकोश किंवा हॉर्नबीचा शब्दकोश ग्रंथालयात जाऊन पाहावा लागे. आज हातातल्या फोनवरील शब्दकोशात उच्चार ऐकता येतो. छापील कोशात शब्दापुढील उच्चारात वरच्या बाजूस छोटी उभी रेघ दिसेल; तिच्या लगेच पुढच्या अवयवावर जोर द्यावा.

रोज पाच मिनिटे जोड्या म्हणा. पाच मिनिटे इंग्रजी बातम्यांचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा ऐकून त्याच्याबरोबर बोला. उरलेली पाच मिनिटे स्वतःचा आवाज फोनवर मुद्रित करून ऐका. दोघे मित्र असाल तर एकाने जोडीतील एक शब्द उच्चारावा, दुसऱ्याने ऐकू आला तो लिहावा. लिहिलेले जुळले, तर उच्चार जमला. यासाठी शिकवणीची फी लागत नाही.

पालकांना आणि थोरांना एक विनंती. मूल इंग्रजी बोलताना अडखळले तर हसू नका आणि चारचौघांत दुरुस्त करू नका. वाक्य पुरे होऊ द्या. एकदा हसे झालेले मूल पुढे तोंड उघडत नाही आणि मग त्याच्याजवळचे ज्ञानही कोणाला कळत नाही. उच्चार ही जिभेची सवय आहे, बुद्धीची मोजपट्टी नव्हे. सवय लावून घेता येते. विद्यार्थी मित्रांनो, आजच पाच जोड्या वहीत लिहा आणि मोठ्याने म्हणा.