बेटावर पळायला जाताना

बेटावरची मॅरेथॉन म्हटली की लोकांना बाली, फुकेत, मॉरिशस आठवतं. पासपोर्ट, पॅकेज, नारळाखालचा फोटो. वाशिमजवळच्या आम्हा अनसिंगकरांना असं एक बेट अकोल्याहून रात्रीच्या गाडीला बसलं की सकाळी गाठता येतं. मुंबई हे बेट आहे, हे शाळेत पाठ केलेलं असतं. अंगाला कळतं ते तिथे बेचाळीस किलोमीटर पळताना.

माझं खत-बियाण्याचं दुकान आहे, वय पन्नाशीकडे झुकलंय आणि पहाटे मी वाशिम-पुसद रस्त्यानं पळतो. तालुक्यातलं कुणी मुंबईच्या मॅरेथॉनला निघालं की फोन येतो, "भाऊ, काय काय लागते?" त्यांना जे सांगतो तेच इथे उतरवून काढलंय. बूट कोणते आणि वेळापत्रक कसं, हे कुठेही मिळतं. कोरड्या मुलखातला माणूस दमट बेटावर उतरला की त्याचं काय होतं, ते मात्र सहसा कुणी सांगत नाही.

१. बेट निवडताना आधी आपल्या धंद्याचं पंचांग बघा.

फुकेतची लगुना मॅरेथॉन जूनमध्ये असते. मृग लागलाय, बियाण्यासाठी दुकानासमोर गर्दी आहे आणि मालक थायलंडला पळायला गेलाय, असं झालं तर त्यानं परत यायची गरजच उरणार नाही. मॉरिशसची जुलैत, तेव्हा डवरे आणि फवारणी. होनोलुलूची डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी. १९७३ पासून चालू आहे आणि शेवटचा माणूस पोहोचेपर्यंत तिथे घड्याळ बंद करत नाहीत. मनात भरते, पण विमानाच्या तिकिटापायी काही एकरांचं सोयाबीन विकावं लागेल.

मुंबईची २००४ साली सुरू झाली आणि अलीकडे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. रब्बीची पेरणी आटोपलेली, हरभरा घाट्यावर आलेला, दुकानात माशा मारायचे दिवस. अडचण फक्त सरावाची, कारण लांब पळायचे आठवडे नेमके सुगीत येतात. ऑक्टोबरात अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं. उरलेल्या अर्ध्यात ट्रॅक्टर, कुत्री आणि आपण. शृंगऋषीच्या मंदिराकडून परतणारे म्हातारे हटकतात, "काहून पयतं बाप्पा? मांगं कुत्रं लागलं काय?" कधीकधी खरंच लागलेलं असतं.

२. पायांआधी हवेचा अभ्यास करा.

सगळ्यात महत्त्वाचं हेच, म्हणून जरा विस्तारानं सांगतो. जानेवारीच्या पहाटे आमच्याकडे दहा-बारा अंश, हवा कोरडी ठणठणीत. दोन तास पळून आलं तरी बनियन जेमतेम ओलं होतं आणि कपाळावरून बोट फिरवलं की मिठाची कणी लागते. मुंबईत तीच पहाट अठरा-वीस अंशांची आणि हवेत इतकं पाणी की मरीन ड्राइव्ह संपायच्या आत शर्ट पिळून काढावा. आपल्याला वाटतं, आज घाम फार येतोय. येतोही थोडा जास्त, पण खरी गोम अशी की तो उडत नाही. अंग थंड होतं ते घाम उडून गेल्यानं. हवाच ओली असली की तो नुसता ओघळतो, मोज्यात उतरतो आणि आतला ताप चढत राहतो. मग हृदय कातडीकडे जास्त रक्त ढकलतं आणि पायांच्या वाट्याला कमी येतं. घरी ज्या वेगाला नाडी १४५ असते, त्याच वेगाला तिथे १५५ दिसली तर घड्याळ बिघडलेलं नसतं.

हे फक्त तुमच्याआमच्यासारख्यांचंच होतं असं नाही. मुंबईच्या मार्गावर पुरुषांची सर्वांत जलद वेळ म्हणून २०२३ साली इथिओपियाच्या हायले लेमीनं २ तास ७ मिनिटे ३२ सेकंद नोंदवली. हाच गडी २०१६ साली दुबईच्या थंड जानेवारीत २ तास ४ मिनिटे ३३ सेकंदांत पळाला होता. बोस्टन जिंकणाऱ्या माणसाला बेटावर तीन मिनिटं मोजावी लागली, तर आपण कोण?

दमटपणाची सवय शरीराला लागते. त्याला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, आणि सोडून दिली की काही आठवड्यांत ती उतरूनही जाते. पंधरा दिवस आधी मुंबईत जाऊन राहणं आपल्याला परवडत नाही. मी काय करतो, तर शेवटचे दोन आठवडे एक दिवसाआड दुपारच्या उन्हात, फुलबाह्यांच्या जाड कपड्यांत, सावकाश तासभर पळतो. हे डॉक्टरला विचारून करावं आणि एकट्यानं करू नये; माझ्याबरोबर सायकलवर पुतण्या असतो, पाणी घेऊन. पळून आल्यावर कढत पाण्याच्या टबात बसावं, असंही जाणकार सांगतात. अनसिंगमध्ये कुणाकडे टब असेल तर मला कळवा.

आणि एवढं करूनही, वाशिमच्या रस्त्यावरचा वेग मुंबईत धरू नका. दर किलोमीटरला अर्धा मिनिट हवेचा हप्ता समजून सोडून द्या. सुरुवातीच्या अंधारात सगळे पुढे जातात, ढोल वाजत असतात, पाय हुरळतात. जाऊ द्या त्यांना. त्यातले बरेच जण माहीमला चालताना भेटतात.

३. पाणी प्या, पण देतील तितकं पिऊ नका.

दर थोड्या अंतरावर पाण्याच्या बाटल्या घेऊन मुलं उभी असतात, आणि वऱ्हाडातल्या माणसाला कुणी प्रेमानं पुढे केलेलं पाणी नाकारायची सवय नाही. पण नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि तेही जिवावर बेतू शकतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं होतं. त्यातल्या १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम कमी निघालं. जास्त पाणी पिऊन वजन वाढवून आलेल्यांत हे प्रमाण मोठं होतं. तहान लागली की दोन-चार घोट घ्यावेत आणि ओआरएसची पुडी बरोबर ठेवावी. मेडिकलवर मिळते तीच. खायला मी खजूर आणि गूळ-शेंगदाणे नेतो. शहरी मंडळी जेल चोखतात. चांगलं असतं म्हणे, पण सरावात जे पोटाला दाखवलं नाही ते बेटावर नेऊन दाखवायचं नाही. आदल्या दोन दिवसांत ठेचा बंद, कच्चं तेल-तिखट बंद. शनिवारी रात्री वरण-भात. मुंबईत आलोच आहोत तर मासे खाऊन बघू, असं ज्याला वाटतं त्यानं ते सोमवारी बघावं.

४. व्हॅसलीन. काखेत, मांड्यांत, बनियनच्या शिवणीखाली, पायाच्या बोटांमध्ये. कोरड्या हवेत जे कापड कधी लागत नाही, ते ओल्या हवेत कातडी सोलतं. यावर अधिक लिहिण्यासारखं नाही.

५. परतीचा लोअर बर्थ हा तयारीचाच भाग समजा.

नोंदणी पावसाळ्यात होते, रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. म्हणजे तिकिटाचं काम ऐन दिवाळीच्या आगेमागे येतं आणि हमखास विसरलं जातं. मोबाइलवर गजर लावून ठेवा. अनसिंगहून वाशिम, वाशिमहून अकोला एसटीनं, आणि अकोल्याहून अमरावती एक्सप्रेस किंवा विदर्भ एक्सप्रेस. दोन्ही सकाळी सीएसएमटीला सोडतात. छातीवर लावायचा क्रमांक, ज्याला सगळे बिब म्हणतात, तो आदल्या दिवसांत स्वतः ओळखपत्र दाखवून घ्यावा लागतो, आणि ते ठिकाण शर्यतीच्या जागेपासून लांब, वांद्रे-कुर्ला संकुलात म्हणजे बीकेसीत असतं. म्हणून शुक्रवारी रात्रीच निघायला हवं. शनिवारी बिब घेतलं की तिथल्या दुकानांत हिंडत बसू नका. दिवसभर उभं राहिलेले पाय दुसऱ्या दिवशी हिशेब मागतात.

जाताना कुठलाही बर्थ चालेल. येताना लोअरच हवा. मॅरेथॉन पळून आलेल्या माणसाला अप्पर बर्थवर चढणं म्हणजे त्रेचाळिसावा किलोमीटर.

६. नातेवाइकाकडे उतरायचं की लॉजवर, हा नाजूक विषय आहे.

कल्याण-डोंबिवलीला प्रत्येक वऱ्हाडी माणसाची एक तरी मावशी असतेच. जेवण घरचं मिळतं, पैसे वाचतात. पण मावशी वर्षांनी भेटते, अकरा वाजेपर्यंत गावातल्या कुणाचं लग्न जमलं ते विचारते, पुरणपोळी करते आणि "एवढीच?" म्हणते. पहाटे दोनला उठून लोकल धरायची असते. रेल्वे त्या दिवशी जादा लोकल सोडत आलीय, तरी झोप जाते ती जातेच. मी फोर्टात दोघांत एक साधी खोली घेतो आणि मावशीकडे रविवारी दुपारी जेवायला जातो. तेव्हा कितीही पुरणपोळ्या चालतात.

७. मार्ग पाठ करा. हे सपाट शहर नाही.

मार्ग वर्षागणिक थोडाफार बदलतो, पण मी पळालोय त्याचा सांगाडा असा: सीएसएमटी, नरिमन पॉइंट, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी, सी-लिंकवरून वांद्रे आणि माहीम-प्रभादेवीकडून परत. हाजी अलीपुढे ज्या रस्त्यावरून आपण पळतो, तिथे अठराव्या शतकात भरतीचं पाणी आत शिरायचं. गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात १७८०च्या दशकात तिथे बांध घातला गेला, खिंडार बुजलं, आणि सात सुट्या बेटांचं एक बेट व्हायला सुरुवात झाली. मला हे ठाऊक असलं की पळायला बळ येतं. कुणाला येणार नाही, ते सोडून द्या.

सी-लिंक २००९ साली सुरू झाला. एरवी त्यावर पायी जाता येत नाही, दुचाकीही चालत नाही. त्या सकाळी मात्र समुद्राच्या मध्यावर आपल्या बुटांचा आवाज ऐकू येतो. पुढे केबलचे मनोरे, उजवीकडे दादर-माहीमच्या इमारतींमागून फुटणारा दिवस. सगळे फोटो काढायला थांबतात. थांबा तुम्हीही, पण कडेला. पलीकडचं वांद्रं म्हणजे साष्टी, तेही बेटच. तिथून परत मुंबई बेटावर यायचं ते माहीमच्या कॉजवेनं. तो १८४५ साली लेडी अवाबाई जीजीभॉय यांच्या पैशांतून झाला, आणि कुणाकडून टोल घ्यायचा नाही ही त्यांची अट होती. म्हणजे जाताना टोलचा पूल, येताना बिनटोलचा. आपण फुकट्यांना दोन्ही सारखेच.

आणि मग पेडर रोड. जाताना अंधारात, ताज्या पायांनी, तो चढ जाणवतही नाही. परतीला तोच पस्तीस किलोमीटरनंतर पुन्हा येतो, डोक्यावर ऊन, अंगातली साखर संपलेली. सरावासाठी आम्हाला पुसदकडच्या रस्त्यावरचा घाट कामी येतो: आधी सपाटीवर दमायचं आणि मग चढाला लागायचं. ताज्या पायांनी घाट चढून पेडर रोडची तयारी होत नाही.

८. मागून येणाऱ्यांना वाट द्या, आणि जरा बघून घ्या.

हौशी लोक पहाटे सुटतात, नामांकित धावपटू उजाडल्यावर. त्यामुळे तुम्ही परतीच्या वाटेवर असता तेव्हा आधी मोटारसायकलचा आवाज येतो आणि मग केनिया-इथिओपियाची चार-सहा माणसं पायाचा आवाज न करता निघून जातात. त्यांच्या मागोमाग भारतीय. त्यांत आपल्यासारख्याच कोरड्या मुलखातल्या मुली असतात, हे मला महत्त्वाचं वाटतं. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१५ साली इथे २ तास ३८ मिनिटे २१ सेकंदांत भारतीय महिलांत पहिली आली. २०१७ साली पहिली आली ती परभणीची ज्योती गवते. परभणी म्हणजे वाशिमहून पूर्णेमार्गे गाडीनं गेलं की आलीच. दमट हवा आपल्या माणसाला जमत नाही, असं कुणी म्हणालं की ही दोन नावं सांगावीत.

रस्त्याकडेला मुंबईकर घरातून संत्र्याच्या फोडी, मीठ, चिक्की, बर्फ घेऊन आलेले असतात. पेडर रोडच्या चढावर एका आजींनी मला "चला काका, आता उतारच आहे" म्हणून सांगितलं. उतार नव्हता. आजी माझ्याहून वीस वर्षांनी तरी मोठ्या होत्या आणि मला काका म्हणत होत्या, यावरून माझा चेहरा कसा दिसत असेल ते ओळखा.

९. पदक गळ्यात पडल्यावर बसू नका.

निदान पंधरा मिनिटं चालत राहा, काहीतरी खारट खा, ओले कपडे बदला. संध्याकाळच्या गाडीसाठी सीएसएमटी हे फार दयाळू स्टेशन आहे. रूळ तिथेच संपतात, त्यामुळे लांबच्या गाड्यांच्या फलाटांवर जिना न चढता जाता येतं. अकोल्याला ही सोय नाही. तिथे पहाटे पुलाच्या पायऱ्या उतरायच्या तर कठडा धरून, उलट्या तोंडानं उतरा. लोक बघतात, बघू द्या. वाशिमच्या एसटीत मागचं सीट घेऊ नका. आणि दुकान असेल तर सोमवारी युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या गोण्या उतरवायचं काम आधीच पोरावर सोपवून ठेवा.