गुडघ्याची गादी फाटली, हे हाताने कसं कळतं?

प्रश्न : मुलगा तारापूर एमआयडीसीत कामाला आहे. कबड्डी खेळताना त्याचा गुडघा मुरगळला. डॉक्टरांनी एमआरआय न काढता नुसता पाय वाकवून, फिरवून पाहिला आणि ‘आतली गादी फाटलेली वाटते’ म्हणाले. हाताने हे कळतं?
– एक वाचक, बोईसर

उत्तर : बऱ्याच अंशी कळतं. पण तपासणी हात लावण्याआधीच, दुखापत कशी झाली हे विचारण्यापासून सुरू होते. पाऊल रोवलेलं, गुडघा वाकलेला आणि अंग वळलं, की मांडीच्या आणि नडगीच्या हाडांमधली गादी चिमटते. कबड्डीत होतं तेच भाताच्या आवणीत, चिखलात पाऊल रुतलेलं असताना वळल्यावरही होऊ शकतं. सूज कधी आली, हेही डॉक्टर विचारतात. दोन-तीन तासांतच गुडघा टम्म फुगला तर आत रक्त साचल्याची, बहुधा लिगामेंट तुटल्याची शंका येते; गादीची सूज बहुतेकदा दुसऱ्या दिवशी दिसते.

मग गुडघा काटकोनात वाकवून सांध्याच्या फटीवर अंगठा दाबतात. नेमकं तिथेच दुखलं तर तो मोठा पुरावा. पुढची चाचणी लिव्हरपूलचे सर्जन मॅकमरे यांच्या नावाची. रुग्णाला उताणं झोपवून गुडघा पूर्ण वाकवतात, एका हाताने टाच धरून पाऊल आत-बाहेर वळवत पाय हळूहळू सरळ करतात. दुसऱ्या हाताची बोटं फटीवरच असतात. तिथे ‘कट्’ जाणवलं आणि त्याच क्षणी कळ आली, तर गादीवर संशय पक्का होतो. नुसता आवाज निरोगी गुडघाही करतो. म्हणून आधी चांगला पाय तपासून घ्यावा. मी तर त्याशिवाय पुढे जातच नाही.

एकट्या चाचणीवर मात्र भिस्त ठेवू नये. ताजा, सुजलेला गुडघा पुरता वाकतच नाही. अशा वेळी आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणं योग्य. एमआरआय शंका उरली किंवा शस्त्रक्रियेचा विचार असला तर हवाच. पण पन्नाशीनंतर काहीही न दुखणाऱ्या गुडघ्यांतही एमआरआयमध्ये फाटलेली गादी दिसू शकते. म्हणून फोटो आणि तपासणी जुळली पाहिजे.

या चाचण्या घरी करून पाहू नका. मुलाचा गुडघा अडकून सरळच होईना, तर मालीशवाल्याकडून ओढून घेऊ नका. त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.