शेवाळ जाते कुठे?

पाण्याचे मोल आपल्या धारूरकरांना कोणी शिकवावे लागत नाही. बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेले आपले गाव. 1567 मध्ये आदिलशाही सरदार किश्वरखान लारी याने येथे किल्ला बांधला, तेव्हा तटबंदीइतकीच पाणी साठवण्याचीही काळजी घेतली गेली. 1972 चा दुष्काळ घरातली वडीलधारी माणसे अजून सांगतात, आणि 2016 मध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले ते तर आपल्याच डोळ्यांसमोरचे. अशा मुलखात साठलेल्या पाण्यावर हिरवी साय धरली की आपण नाक मुरडतो, ती काठीने बाजूला सारतो आणि घागर बुडवतो. ती साय म्हणजे काय, याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

मी कला शाखेचा विद्यार्थी. वनस्पतिशास्त्र माझा विषय नव्हे. पण एक साधा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. वैशाखात डबके ठणठणीत कोरडे पडते, तळाच्या चिखलाला भेगा जातात. आषाढात पाणी साचते आणि थोड्याच दिवसांत तेच शेवाळ परत हजर. मग मधल्या काळात ते जाते कुठे? ‘आपोआप येते’ हे उत्तर मला पटले नाही. विज्ञान शाखेतल्या एका मित्राच्या मदतीने मी सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळाचे तंतू पाहिले, काही पुस्तके वाचली. त्यातून जे उमगले ते माझ्यासारख्याच अविज्ञानी वाचकांसाठी येथे मांडतो.

हिरव्या शेवाळाचा तंतू म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पेशींची माळ. मुळे नाहीत, पाने नाहीत, फुले नाहीत. प्रत्येक पेशी आपले अन्न आपण तयार करते. अशा तंतूंची वाढ होण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तुटणे. तंतूचे दोन तुकडे झाले की दोन तंतू झाले. याला शाकीय प्रजनन म्हणतात. पाणी भरपूर, ऊन मवाळ, पोषण पुरेसे, अशा सुकाळात तळे बघता बघता हिरवे होते ते मुख्यतः यामुळे. म्हणून शेवाळ नुसते ढवळून, तोडून ते जात नाही. उलट त्याच्या वाढीला आपणच हातभार लावतो.

पण सुकाळ कायम टिकत नाही. पाणी आटू लागले, पोषण कमी पडू लागले की शेवाळ दुसरी तयारी करते. ही तयारी कोणत्या तऱ्हेने होते, हे तीन उदाहरणांवरून समजेल.

पहिले उदाहरण युलोथ्रिक्सचे. याचा तंतू बुडाशी एका खास पेशीने दगडाला चिकटलेला असतो. अनुकूल काळात पेशीतून चार कशाभिकांचे, म्हणजे चाबकासारख्या चार शेपट्यांचे चलबीजाणू बाहेर पडतात, पोहतात, कुठेतरी चिकटतात आणि नवा तंतू वाढवतात. पुढे त्याच तंतूच्या पेशींतून दोनच कशाभिकांची, आकाराने लहान युग्मके निघतात. दोन वेगळ्या तंतूंची युग्मके पाण्यात भेटतात आणि एकरूप होतात. यात नर कोण आणि मादी कोण हे दिसण्यावरून सांगता येत नाही.

दुसरे उदाहरण ऊडोगोनियमचे. येथे नर-मादी भेद स्पष्ट झालेला आहे. मादीपेशी फुगून गोल होते, तिच्यात एकच मोठे अंडे असते आणि ते जागचे हलत नाही. नरपेशीतून कशाभिकांचा मुकुट घातलेली बारीक युग्मके बाहेर पडून पोहत अंड्यापर्यंत जातात. काही जातींत तर गंमतच आहे. त्यांत नर हा केवळ काही पेशींचा बुटका तंतू असतो आणि तो मादीच्या अंगावर किंवा अगदी जवळ चिकटून वाढतो. जर्मन शास्त्रज्ञ प्रिंग्सहाइम याने 1850 च्या दशकात शैवलांतील फलनक्रिया प्रत्यक्ष पाहिली, तेव्हा वनस्पतींतही दोन पेशींचे मीलन होते ही गोष्ट डोळ्यांना दिसली.

तिसरे उदाहरण स्पायरोगायराचे. बोटांना रेशमासारखे बुळबुळीत लागणारे शेवाळ हाती आले तर ते बहुधा हेच. त्याच्या पेशीत हिरवी फीत मळसूत्रासारखी वळलेली असते. याच्या सबंध जीवनात पोहणारी पेशी मुळी नाहीच. दोन तंतू शेजारी शेजारी येतात, समोरासमोरच्या पेशींना कोंब फुटतात, ते जुळून नळी तयार होते आणि एका पेशीतले सारे द्रव्य सरकत दुसरीत जाते. सूक्ष्मदर्शकाखाली हे अगदी शिडीसारखे दिसते. एका बाजूचा तंतू रिकामा आणि दुसऱ्याच्या पेशीपेशीत एकेक काळसर गोळी. मला सर्वांत जास्त वेळ खिळवून ठेवले ते याच दृश्याने.

या तिन्ही वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात. मीलनातून तयार होणाऱ्या युग्मनजाभोवती जाड कवच येते. तंतू मरतो, कुजतो, पण ही कवचबंद पेशी तळाच्या गाळात पडून राहते आणि कोरड, ऊन सोसते. पाऊस आला, ओल मिळाली की आत अर्धसूत्री विभाजन होऊन गुणसूत्रांची संख्या निम्मी होते. स्पायरोगायरात चारपैकी तीन केंद्रके नष्ट होतात आणि एकच नवा तंतू उगवतो. ऊडोगोनियममध्ये चार चलबीजाणू निघतात. म्हणजे शेवाळ कुठे जात नाही. ते तिथेच असते, फक्त रूप बदलून.

येथे एक फरक लक्षात घ्यावा. माणसात किंवा ज्वारीच्या ताटात गुणसूत्रांचे दोन संच असतात. या तीन शैवलांचा तंतू मात्र एकाच संचावर जगतो. दोन संच असतात ते फक्त युग्मनजात. क्लॅडोफोरासारख्या शैवलाच्या पुष्कळ जातींत एक संचाची पिढी आणि दोन संचांची पिढी आलटून पालटून येते आणि दोन्ही दिसायला सारख्याच असतात. आणखी एक नवल असे, की गुणसूत्रांतील द्रव्याच्या अलीकडच्या अभ्यासातून स्पायरोगायराचा गट हा जमिनीवरच्या सर्व वनस्पतींचा सर्वांत जवळचा नातलग ठरला आहे. ज्या सायीला आपण नाक मुरडतो, ती आपल्या ज्वारीची आणि कडुनिंबाची दूरची भाऊबंद आहे.

या अभ्यासाला आपल्या देशात मोठी परंपरा आहे. सनदी अधिकारी असलेले एम. एस. रंधावा यांनी स्पायरोगायराच्या कुळावर 1959 मध्ये मोठा ग्रंथ सिद्ध केला. मुंबईच्या ई. ए. गोन्साल्व्हिस यांचा ऊडोगोनियमच्या गणावरचा ग्रंथ 1981 मध्ये निघाला. एन. डी. कामत यांनी 1970 च्या दशकात मराठवाड्यातील शैवलांची नोंद केली.

आता व्यवहाराची गोष्ट. पाणी हिरवे झाले की मोरचूद टाकण्याचा उपाय सुचवला जातो. त्याने तंतू मरतात हे खरे. पण मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, तांब्याचे विष मासळीलाही बाधते, आणि गाळातली कवचबंद पेशी बहुधा तशीच राहते. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. जीवनचक्र समजले की उपायही सुचतो. पाणी आटण्यापूर्वी, युग्मनज तयार होण्याआधीच शेवाळ जाळीने काढावे. शेण, साबणाचे पाणी, निर्माल्य तळ्यात जाऊ देऊ नये, कारण त्यातले नत्र आणि स्फुरद हेच शेवाळाचे खाद्य. उन्हाळ्यात तळाचा गाळ उपसून शेतात टाकावा. शासनाने 2017 पासून धरणांचा गाळ शेतात नेण्याची योजना राबवली. तेच तत्त्व आपल्या लहान तळ्यांना लागू आहे. गाळाबरोबर शेवाळाचे पुढच्या वर्षाचे बियाणेही निघून जाते.

मात्र शेवाळ समूळ नाहीसे करावे असे माझे म्हणणे नाही. ते पाण्याला प्राणवायू देते, लहान जीवांना अन्न आणि आसरा देते. प्रश्न प्रमाणाचा आहे.

माझी एक सूचना आहे. किल्ल्यातील आणि गावाभोवतालच्या पाणवठ्यांवर शेवाळ कोणत्या महिन्यात दिसते, कधी पिवळे पडते, कधी नाहीसे होते, याची वर्षभर नोंद आपण विद्यार्थ्यांनी ठेवावी. त्याला लागते एक वही, एक काचेची बाटली आणि महिन्यातून दोन फेऱ्या. सूक्ष्मदर्शक आपल्या प्राध्यापकांच्या मदतीने मिळू शकेल. भूगोलाचे विद्यार्थी पाऊस मोजतील, इतिहासाचे विद्यार्थी जुने पाणवठे शोधतील. ज्या गावाला पाणी जपायचे आहे, त्याने पाण्यात काय जगते हेही जाणून घ्यायला हवे.