नंबर लागला नाही म्हणून?

प्रवेशाच्या दिवसांत आमच्या विभागाबाहेरच्या बाकावर आईवडील बसलेले असतात. दोन वर्षांपूर्वी तिथे बसलेली एक आई फोनवर बोलत होती, "अगं, नीटला मार्क कमी पडले ना, नंबर नाही लागला. म्हणून हे घातलंय. श्वासाचं काहीतरी आहे." लेक शेजारी उभी होती आणि हातातल्या फाइलची कड नखाने खरवडत होती. तिने मान वर केली नाही.

त्या माऊलीला मी तेव्हा काही बोलले नाही. मनात मात्र ते राहून गेलं. म्हणून आज तिच्याशी आणि तुम्हा सगळ्यांशीच बोलते आहे. मी स्वतः रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे. आधी आयसीयूत काम केलं, आता काम करता करता शिकवते. तुमची मुलं दिवसाचे आठ तास माझ्यासमोर असतात. घरी सांगत नाहीत अशा गोष्टी मला सांगतात. त्यातली सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली गोष्ट ही : "मॅडम, घरी वाटतं की मी नापास झाले म्हणून इथे आले."

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी घेऊन आलेली ही मुलं साधारण चार वर्षं शिकतात. शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं असतं. "पण करायचं काय असतं?" हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. मी पुस्तकातली व्याख्या सांगत बसत नाही, दुसऱ्या वर्षातलं एक काम सांगते.

आयसीयूत नवा रुग्ण आला, घशात नळी घातली आणि व्हेंटिलेटर लावला, की आमचा विद्यार्थी खिशातून शिंप्याची टेप काढतो. रुग्णाला टाचेपासून डोक्यापर्यंत मोजतो. नातेवाइकांना हे बघून धक्का बसतो. पण एका श्वासात किती हवा द्यायची हे माणसाच्या वजनावर ठरत नाही, उंचीवर ठरतं. माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसं मोठी होत नाहीत. समजा एखाद्या बाईंची उंची 150 सेंटिमीटर आहे आणि वजन 80 किलो. उंचीवरून त्यांचं हिशेबाचं वजन निघतं साधारण 43 किलो. किलोमागे 6 मिली धरले तर एका श्वासाला 260 मिली हवा. काट्यावरचं वजन धरलं असतं तर तीच हवा 480 मिली झाली असती. आजारी, सुजलेल्या फुप्फुसात मिनिटाला वीस वेळा इतकी हवा कोंबत राहिलं, तर वाचवायला लावलेलं यंत्रच फुप्फुस फाडतं. 2000 साली अमेरिकेतल्या 861 रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. जास्त हवा दिलेल्यांत शंभरातले जवळजवळ चाळीस दगावले होते, कमी हवा दिलेल्यांत एकतीस. शंभरामागे नऊ माणसं. तुमच्या लेकीच्या खिशातल्या टेपची किंमत एवढी आहे.

आणि हे तर सुरुवातीचं काम. रक्तातला ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता दाखवणारी एबीजी वाचायची. नळीच्या फुग्यातला दाब मोजायचा, कारण तो कमी पडला तर तोंडातली घाण फुप्फुसात उतरते आणि जास्त झाला तर श्वासनलिकेला जखम होते. सिलिंडर किती वेळ पुरेल याचा हिशेब करायचा. 1500 लिटरच्या सिलिंडरवर मिनिटाला 10 लिटरने रुग्ण ठेवला, तर अडीच तास. त्याला एमआरआयला किंवा दुसऱ्या गावच्या रुग्णालयात न्यायचं असेल, तर हा हिशेब निघण्याआधी झालेला असावा लागतो. आकडेमोडीची आवड असलेली मुलं इथे फुलतात.

पण काम नुसतं आकड्यांचं नाही. आता मण्यार सापाची एक गोष्ट सांगते. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. खूण बहुतेक वेळा दिसतच नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. आमच्याकडे असाच एक शेतमजूर आला होता. व्हेंटिलेटरवर, हात हलत नाही, पाय हलत नाही, पापणीसुद्धा उघडत नाही. बघणाऱ्याला वाटावं, संपलं सगळं. पण विष स्नायू लुळे पाडतं, मेंदू जागा असतो. त्याला सगळं ऐकू येत असतं.

त्या दिवसांत तिसऱ्या वर्षातली एक मुलगी पोस्टिंगला होती. तिला हे वर्गात शिकवलं होतं, आणि तिने ते शब्दशः खरं मानलं. दर वेळी नळीतला कफ ओढायच्या आधी ती त्याच्या कानाशी वाकून सांगायची, "दादा, आता नळी साफ करतेय. जरा गुदमरल्यासारखं होईल. दहा अंक मोजते, मग थांबते." आणि खरंच मोठ्याने दहा मोजायची. सोबतची मुलं हसायची. चौथ्या दिवशी त्याच्या भुवया हलल्या, पुढे बोटं हलली. मग रोज थोडा वेळ त्याला स्वतःच्या जोरावर श्वास घ्यायला लावून, ताकद आल्याची खात्री करून एका सकाळी नळी काढली. घसा बसलेला होता. पाणी मागितलं. मग त्याने विचारलं, "ती दहा मोजणारी ताई कुठंय?"

ती मुलगी त्या वेळी मेसमध्ये नाष्टा करत होती. आम्ही तिला बोलावून आणलं. ती दारातच रडायला लागली.

त्या संध्याकाळी तिने घरी फोन केला असणार. घरचे काय म्हणाले असतील, मला माहीत नाही. "बरं झालं, आणि परत नीट देणार का यंदा?" असं कुणी विचारलं नसावं, एवढी मी आशा करते. कारण हे मी दुसऱ्या मुलांच्या फोनवर ऐकलेलं आहे.

तुम्हाला वाटतं हे काम कालपरवा निघालेलं, कोविडनंतरचं. तसं नाही. 1952 साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं रोज येत होती आणि यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने 12 वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देववून नळी घालवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. ती जगली. मग पुढचे कित्येक महिने सुमारे 1500 विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, पलंगाशेजारी बसून पिशव्या दाबल्या. विशीतली पोरं होती ती, तुमच्या मुलांच्याच वयाची. आज जगभर जे आयसीयू दिसतात, त्यांची सुरुवात तिथून धरतात. आमच्या हातातली, दाबून श्वास द्यायची अंबू बॅगही त्यानंतर चार वर्षांनी डेन्मार्कमध्येच तयार झाली.

आता ज्या गोष्टी ऐकायला बऱ्या वाटणार नाहीत, त्याही सांगते. मी विभागाची जाहिरात करायला बसलेली नाही.

पहिला पगार कमी असतो. शेजारच्या इंजिनिअर मुलाशी तुलना केलीत तर दोघांनाही त्रास होईल, तुम्हाला आणि मुलाला. लहान गावांतल्या बऱ्याच रुग्णालयांत या कामासाठी वेगळी जागाच नसते, व्हेंटिलेटर सिस्टर किंवा भूलतज्ज्ञच सांभाळतात. मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत मात्र मागणी आहे, आणि आखाती देशांतही आहे. पण कुणी एजंट "ही पदवी घेतली की थेट अमेरिका" म्हणाला, तर तिथेच उठा. अमेरिकेत हे काम करायला तिथल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून शिकावं लागतं आणि तिथली परीक्षा द्यावी लागते. लाखो रुपये भरल्यावर हे कळलेले पालक मी पाहिले आहेत. त्यातल्या एका वडिलांनी जमीन विकली होती.

कॉलेज निवडताना इमारत आणि वसतिगृह बघू नका, आधी आयसीयू विचारा. कॉलेजला जोडलेल्या रुग्णालयात व्हेंटिलेटरचे पलंग किती, नवजात बाळांचा वेगळा विभाग आहे का, शिकवणारे स्वतः रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहेत का, पहिलं पोस्टिंग कितव्या वर्षी. एवढं तरी विचाराच. संकोच वाटला तरी विचारा. 2021 मध्ये संसदेने अशा सगळ्या आरोग्य व्यवसायांसाठी कायदा केला. त्यात आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान 3600 तासांचं शिक्षण धरलेलं आहे. तेव्हा त्यांतले किती तास वर्गात आणि किती रुग्णाजवळ, हे तोंडावर विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. जे कॉलेज या प्रश्नावर चिडेल, तिथे मूल घालू नका.

रात्रपाळी असते. "मुलीची जात, रात्रीची कशी जाईल?" हे मला दर वर्षी कुणीतरी विचारतंच. आयसीयूत रात्रीही माणसं लागतातच, तेव्हा नाईट चुकणार नाही. पण काळजी असेल तर तिला घरी बसवण्याऐवजी रुग्णालयाकडे जाण्यायेण्याच्या गाडीची मागणी करा. चार पालक मिळून मागतात तेव्हा ती मिळते, हे मी पाहिलंय.

आणि पोस्टिंग सुरू व्हायच्या आधी हिपॅटायटिस बीची लस घ्यायला लावा. तीन डोस असतात, तिसरा सहाव्या महिन्याला. म्हणून प्रवेश झाला की लगेच पहिला घ्यायचा. टीबीच्या रुग्णाजवळ एन-95 मास्क लावायचाच, हेही घरून सांगा. आमच्यापेक्षा तुमचं ऐकतील.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी सांगते, कारण ती तुमच्याच हातात आहे. केव्हातरी, बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात, तुमचं मूल हाताने अंबू बॅग दाबत असेल आणि रुग्ण जाईल. डॉक्टर घड्याळात वेळ बघून "थांबा" म्हणतील, आणि तुमच्या वीस वर्षांच्या मुलाला तो हात थांबवावा लागेल. त्या रात्री तो घरी येईल आणि जेवणार नाही, किंवा खूप बडबडेल. त्या वेळी "म्हणून म्हणत होतो, दुसरं काही घे" हे बोलू नका. "सवय होईल" हेही नको. माझ्या पहिल्या वेळी मी रात्री अकराला घरी गेले. माझ्या वडिलांना वैद्यकातलं काही कळत नव्हतं, ते एसटीत कंडक्टर होते. त्यांनी ताट वाढलं, समोर बसले आणि विचारलं, "कुठल्या गावचा होता गं?" मग मी तासभर बोलले. ते मधे एकदाही बोलले नाहीत.

कधी साध्या दिवशीही विचारा, आज काय शिकलीस. घरात आजीला दमा असेल तर तिचा पंप मुलीच्या हातात द्या. आजी वर्षानुवर्षं औषध जिभेवर मारत असते, हे मुलीला पहिल्या मिनिटात दिसेल. आधी श्वास सोडायचा, ओठ घट्ट, पंप दाबताना सावकाश आत ओढायचं, दहा सेकंद धरायचं, नंतर चूळ भरायची. "पंपाची सवय लागते" म्हणून आजीने तो कपाटात ठेवला असेल, तर ते भयही मुलगीच काढेल. घरात कुणीतरी आपलं शिक्षण वापरलं, याचा आनंद त्या मुलांच्या चेहऱ्यावर मी सुट्टीनंतर लगेच ओळखते.

त्या बाकावरच्या आईचा मागच्या महिन्यात मला फोन आला. घाबरले, म्हटलं काय झालं. त्या म्हणाल्या, "मॅडम, सहज केला. ती सुट्टीला आली होती ना, तर टेप घेऊन आम्हा सगळ्यांना दाराच्या चौकटीला उभं केलं. पेन्सिलने खुणा केल्या. सासूबाईंचे 233, माझे 260, ह्यांचे 369. मिली का काय ते. आता रंगारी आलाय घरी, दिवाळीचा. मी त्याला म्हटलं, सगळं घर रंगव, तेवढी चौकट ठेव."