आकडा लहान, धोका मोठा

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ दवाखान्यात आले. पेनासारखी दिसणारी एक नळी त्यांनी टेबलावर ठेवली. "डॉक्टर, पोराच्या दप्तरात सापडली. म्हणतो, ही सिगारेट नव्हे, नुसती वाफ आहे. मित्रांची कॉइल दीड ओहमची, माझी अर्ध्याच ओहमची, म्हणजे सौम्य." मुलगा अकरावीत, विज्ञान शाखेत. त्याचा समज नेमका उलटा आहे. तोच समज इतर मुलांचाही असू शकतो, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आजची ई-सिगारेट चीनमधील औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ च्या सुमारास तयार केलेल्या उपकरणातून पुढे आली. तिच्यात तीन मुख्य गोष्टी असतात: बॅटरी, बारीक तारेचे वेटोळे म्हणजे कॉइल, आणि कापसात मुरलेला द्रव. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुवासिक द्रव्ये आणि बहुधा निकोटीन असते. तार तापली की द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. त्यांनाच मुले वाफ म्हणतात. पातेल्यावरची पाण्याची वाफ ती नव्हे.

आता ओहमचे पाहू. जुन्या विजेच्या शेगडीची तार तुटली की तिची टोके एकमेकांत अडकवून आपण काम भागवत असू. तार थोडी आखूड होई, पण शेगडी आधीपेक्षा जास्त लाल होई आणि एखादे वेळी फ्यूजही उडे. तार आखूड झाली की तिचा रोध कमी होतो आणि वीज जास्त वाहते. रोध मोजण्याचे एकक म्हणजे ओहम. व्होल्टला ओहमने भागले की विद्युतधारा किती अँपिअर, हे कळते.

या उपकरणातील बॅटरी साधारण ३.७ व्होल्टची असते. कॉइल १.५ ओहमची असेल तर धारा सुमारे २.५ अँपिअर आणि उष्णता देणारी शक्ती सुमारे ९ वॅट. कॉइल ०.५ ओहमची केली की धारा ७.४ अँपिअर आणि शक्ती २७ वॅट. आकडा एक तृतीयांश झाला आणि शक्ती तिप्पट झाली! काही उपकरणांत धारेला आवर घालणारे सर्किट असते, काहींत नसते.

बॅटरीचा हिशेबही तसाच. १००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी ९ वॅटला सुमारे २४ मिनिटे तार तापवील, २७ वॅटला जेमतेम ८ मिनिटे. तीन सेकंदांचा एक झुरका धरला तर ४८० झुरक्यांऐवजी १६०. म्हणजे वारंवार चार्जिंग आले. शिवाय झेपेल त्यापेक्षा जास्त धारा ओढली की बॅटरी स्वतःच तापते आणि लवकर निकामी होते. फार तापली तर पेट घेते किंवा फुटते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातील वृत्तपत्रांतून व अन्य माध्यमांतून आलेल्या अशा १९५ घटना मोजल्या. त्यांत १३३ जण जखमी झाले. त्यांतील ६१ घटनांत उपकरण किंवा त्याची बॅटरी खिशात होती. सुटी बॅटरी किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर खिशात ठेवली तर शॉर्टसर्किट होऊ शकते.

शरीराचे काय? शक्ती वाढली की एका झुरक्यात जास्त द्रव आणि त्याबरोबर जास्त निकोटीन आत जाते. कापूस कोरडा पडला की तार आणखी तापते. जास्त उष्णतेने ग्लिसरीन व प्रॉपिलीन ग्लायकॉल यांचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड आणि अॅक्रोलीन तयार होतात. पहिले कर्करोगकारक, दुसरे श्वासनलिकांना दाह करणारे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये ५६ जणांची उपकरणे तपासली. कॉइलच्या संपर्कात आल्यावर द्रवात आणि वाफेत शिसे, निकेल, क्रोमियम यांचे प्रमाण वाढलेले आढळले.

मग जास्त ओहमची कॉइल सुरक्षित का? नाही. निकोटीन तेच असते आणि वाफ कमी मिळाली की ओढणारा झुरके वाढवतो. वाढत्या वयातील मेंदूला निकोटीनची सवय लवकर जडते. एकाग्रता कमी होणे, चिडचिड, झोप न लागणे ही लक्षणे मग घरच्यांना दिसू लागतात.

आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. विक्रेत्याला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

पालकांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. अशी वस्तू सापडली तर मारझोड करू नये. कधीपासून, किती, कोणाबरोबर, हे शांतपणे विचारावे.

२. द्रवाची बाटली लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. पोटात गेल्यास विषबाधा होते. ताबडतोब रुग्णालय गाठावे.

३. बॅटरी चुलीत किंवा कचऱ्यात टाकू नये.

४. सवय सुटत नसेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळतो.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी बोलावले आणि वरचा भागाकार कागदावर करायला दिला. उत्तर आले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "डॉक्टर, सोडायची असेल तर सुरुवात कशी करायची?" वडिलांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पुढच्या सोमवारी दोघांनाही परत बोलावले आहे.